धाकटीची झोप

१

सातव्या मजल्यावरच्या त्या ऑफिसात मी झाडलोट करायचे आणि झोपेच्या खोलीतल्या चादरी बदलायचे. ही खोली म्हणजे काय प्रकार होता ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

तिथली पोरं फोनमधलं एक ॲप बनवत होती. झोपताना फोन उशाशी ठेवायचा. तो तुमचा श्वास ऐकत राहतो आणि सकाळी तुम्ही कसे झोपलात ते तुम्हालाच सांगतो. ज्यांना झोपायला सवड नाही अशा धावपळीच्या माणसांसाठी हे सगळं चाललं होतं. माझी शाळा चौथीपर्यंत, पण झोप झाली की नाही हे ज्याचं त्याला कळतं एवढं मला ठाऊक होतं. तिथे शिकलेल्यांपैकी कुणालाच ते ठाऊक नसावं.

ॲप नीट चालतं का हे बघायला बाहेरची माणसं बोलवायचे. भर दिवसा, जेवणं झाल्यावर. खोलीत भिंतीला लावलेला एक अरुंद पलंग, राखाडी पडदा, उशाशी स्टूल, स्टुलावर फोन. समोरच्या भिंतीत मोठा आरसा होता, पण तो फक्त आतून आरसा. पलीकडच्या खोलीतून ती साधी काच होती. ऑफिसची माणसं तिथे बसून आतल्या माणसाला न्याहाळायची आणि स्पीकरवर त्याचं बोलणं ऐकायची. माणूस चाळीस मिनिटं झोपायचा, मग उठून उत्तरं द्यायचा. कुठलं बटण सापडलं नाही, कुठलं वाक्य कळलं नाही, असलं काहीबाही. तो गेला की मी आत जाऊन चादर आणि अभ्रा बदलायचे. दिवसाला चार माणसं, कधी पाच.

एका सोमवारी ट्रक चालवणारा एक दांडगा गडी झोपून गेला. मी चादर ओढायला गेले तर त्याच्या अंगाचा खळगा पलंगाच्या अगदी कडेला. एवढ्या देहाचा माणूस कडेला लोंबकळत कशाला झोपेल? भिंतीकडे हात घातला, तर तिथे दुसरा खळगा. लहान. आणि कोमट.

मी म्हटलं, कूस बदलली असेल. पण त्या गड्याची नुसती मांडीसुद्धा त्या खळग्यात मावली नसती.

मंगळवारी दोघं, बुधवारी पाचही जण कडेला झोपून गेले. गुरुवारी एका नर्सबाईला मी सहज विचारलं, पलंग अरुंद पडला का हो. ती म्हणाली, हो ना, जागाच कमी होती. मग स्वतःच थबकली. तिने वळून पलंगाकडे पाहिलं आणि चप्पल घालून लगबगीने निघून गेली.

२

मी तिथे नुसती चादरी बदलायला गेले नव्हते.

माझी धाकटी बहीण आणि मी एका खोलीत, एका पलंगावर राहायचो. भिंतीकडची बाजू तिची, कारण लहानपणी ती झोपेत खाली पडायची. लग्न दोघींचंही झालं नाही. ती सकाळी एका मोठ्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायची आणि संध्याकाळी एका बेकरीत पाकिटं भरायची. ह्याच ऑफिसची माणसं लॉन्ड्रीत आली होती. दोन दोन कामं करणारी माणसं त्यांना हवी होती. धाकटीच्या फोनमध्ये त्यांनी ते ॲप घातलं आणि तिला एक नंबर दिला, अकरा. ॲप उघडलं की वर कोपऱ्यात तो आकडा दिसायचा.

ती सहा तास झोपायची. ॲपने तिला सांगितलं, तुमची झोप इतकी गाढ आहे की तुम्हाला चार तास पुरेत. रोज पहाटे त्यातून एक गोड आवाज यायचा, तुमची झोप पूर्ण झाली आहे. आणि एक हिरवं वर्तुळ. ती डोळे चोळत उठायची आणि मला ते वर्तुळ दाखवायची. मी म्हणायचे, अगं, पिळलेल्या फडक्यासारखी दिसतेस. ती म्हणायची, "ताई, मशीन कशाला खोटं बोलेल?" वाचलेल्या दोन तासांत तिने आणखी एक काम धरलं.

सहाव्या आठवड्यात ती लॉन्ड्रीत गरम चादरींच्या ढिगावर टेकली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं. तिच्या खिशातल्या फोनवर हिरवं वर्तुळ तसंच होतं.

तो फोन घेऊन मी ह्या ऑफिसच्या दारात आले होते. मालक स्वतः बाहेर आला. त्याला मी मनातल्या मनात साखरतोंड्या म्हणते. हातातल्या फोनवरून नजर न काढता तो म्हणाला, अशा नावाच्या कुणी बाई आमच्या चाचणीत नव्हत्याच, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. मग म्हणाला, "पाणी घेता का?"

लॉन्ड्रीवाल्यांनी लिहून दिलं की तिने स्वतःच्या तब्येतीची हेळसांड केली. आमचा भाऊ दिवसांना आला आणि सगळ्यांसमोर मला म्हणाला, "तू शेजारी झोपत होतीस ताई. तुला दिसलं नाही?" त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. मी धाकटीला राबवून मारलं असं घराण्यात पसरलं.

मला साखरतोंड्याच्या तोंडून एवढंच हवं होतं, की ती होती आणि चार तास पुरेत असं आम्हीच तिला सांगितलं. चार माणसांना ऐकू जाईल असं. सात महिन्यांनी मी सफाईच्या कंत्राटातून त्या ऑफिसात शिरले. कुणी ओळखलं नाही. पुसणारीच्या तोंडाकडे बघतंय कोण. मला सगळे मावशी म्हणायला लागले.

३

एके दिवशी दुपारचा एक माणूस आलाच नाही. माणसांना बोलावण्याचं आणि प्रश्न विचारण्याचं काम एका चष्मेवाल्या पोरीकडे होतं. नवीनच लागलेली, गरीब स्वभावाची. तिने मला विचारलं, मावशी, तुम्ही झोपता का, नाहीतर आजचा दिवस फुकट जाईल.

मी पलंगावर बसले. तिने कागदावरचं नेहमीचं वाचून दाखवलं. परीक्षा तुमची नाही, ॲपची आहे. तुम्ही कुठे अडलात तर चूक आमची. दाराआडून ते मी पन्नासदा ऐकलं होतं. त्या दिवशी मात्र अंगाला झोंबलं. अडलात तर चूक आमची. मेलात तर कुणाची, ते कागदावर नव्हतं.

झोपायचं नाही हे मी ठरवलं होतं. बघू दे म्हटलं, जाग्या बाईचं हे काय सांगतं. डोळे मिटले आणि मनात पाढे म्हणायला लागले. बेचा झाला, तिनाचा झाला. तेराच्या पाढ्याला शाळेत अडायचे तिथेच अडले, तेरा साते. पुन्हा पहिल्यापासून. पंख्याची घरघर, बाहेर कुणाचं तरी हसणं, लिफ्टचं दार, सगळं ऐकू येत होतं.

मग पलंग भिंतीकडच्या बाजूने दबला. हळूच. कुणी आधी गुडघा टेकवतं, मग अंग टाकतं, तसा. माझ्या पाठीला ऊब लागली. मी भित्री बाई नाही. पण डोळे उघडले नाहीत. तेरा साते, तेरा साते करत पडून राहिले आणि माझं मलाच कळलं नाही, मी कधी कडेला सरकले.

चाळीस मिनिटांनी चष्मेवाली हसतच आत आली. मावशी, तुम्ही तर पहिल्या आलात. गाढ झोप अडतीस मिनिटं, पूर्ण गुण. मी म्हटलं, मी जागी होते. ती म्हणाली, सगळ्यांना तसंच वाटतं.

ॲपच्या आतली यंत्रणा बनवणारा एक दाढीवाला होता. सतत काहीतरी चघळत बसलेला. त्याने कौतुकाने मला माझीच झोप ऐकवली. श्वास आत जायचा. मग थांबायचा. घशात बारीक टक् व्हायचं. मग बाहेर यायचा.

धाकटी सहा वर्षांची असताना झोक्यावरून पडली आणि तिचं नाक आतून वाकडं झालं. तेव्हापासून झोपेत तिच्या घशात तसं टक् व्हायचं. पस्तीस वर्षं मी ते ऐकत झोपले होते. ते बंद झाल्यापासून मला धड झोप नव्हती.

हा कुणाचा श्वास म्हणून विचारलं तर दाढीवाला म्हणाला, "तुमचाच की मावशी. आत अजून कोण होतं?"

घरी जाताना मी स्वतःला समजावलं. सख्ख्या बहिणी आम्ही, झोपेत माझ्याही घशात तसंच होत असेल. माझं मला थोडंच ऐकू येणार? डोळा लागला असेल, पाढे स्वप्नात म्हटले असतील. पण स्वप्नात पाढा अडतो का, आणि तोही बरोबर तेरा सातेला? जिना चढेपर्यंत मी ह्याच विचारात होते.

४

पुढच्या आठवड्यात दाढीवाल्याचं चघळणं थांबलं. त्याला सगळ्यांच्याच झोपेत तो दुसरा श्वास सापडला होता. ट्रकवाल्याच्या घोरण्याखाली, नर्सबाईच्या, सगळ्यांच्या. चष्मेवाली म्हणाली, काही नाही, बग असेल, म्हणजे ॲपमध्ये राहिलेली चूक. मी म्हटलं, ढेकूण असता तर मी औषध मारलं असतं. ती हसली, तो हसला नाही.

त्याचं म्हणणं होतं की नमुना गळतोय. नमुना म्हणजे काय ते मी पुसता पुसता विचारलं. एकटा पडला होता बिचारा, बोलायला कुणी हवंच होतं. तो म्हणाला, मावशी, शिंपी नाही का दुकानात एक पुतळा ठेवत, त्याच्या मापाने कपडे बघायला? तशी आम्ही एक झोप ठेवली आहे. सगळ्यात उत्तम झोप. ज्याची झोप तिच्याशी जितकी जुळेल तितके त्याला गुण. ती प्रत्येकाच्या फोनमध्ये असते, ॲपच्या पोटात. तिचा आवाज बाहेर यायला नको, पण येतोय. आणि फोनचा स्पीकर तर बंद आहे, मी तोडून बघितला.

मी विचारलं, कुणाची झोप ती?

तो म्हणाला, पहिल्या खेपेतल्या एकीची. अकरा नंबर. चारच तास, पण विहिरीत दगड टाकावा तशी खाली जायची. एवढी गाढ झोप आम्हाला पुन्हा मिळाली नाही.

माझ्या हातातलं फडकं बादलीत तसंच राहिलं. तापाने फणफणलेलं लेकरू मांडीवर निपचित पडतं, त्याला कुणी शांत झोप म्हणतं का? दमून मेलेलं माणूस दगडासारखंच झोपणार. ह्यांनी तिचा दम तुटलेला ऐकला आणि त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. मग तीच झोप काढून घेतली आणि जगाला माप म्हणून लावली. तिची माती झाली, आणि तिचा श्वास मात्र कामाला ठेवलेला.

मी विचारलं, "आता कशी आहे ती?"

"माहीत नाही," तो म्हणाला. कान लालभडक झाले त्याचे.

५

मालकाने हुकूम काढला होता की ॲप बाजारात यायच्या आधी ऑफिसातल्या प्रत्येकाने ते स्वतःच्या घरी वापरायचं. महिन्याभरात तिथली तोंडं बघवेनात. डोळ्यांखाली काजळी फासल्यासारखी. कुणी लिफ्टमध्ये उभ्या उभ्या कपाळ भिंतीला टेकवायचं. कुणी चहात मीठ घातलं आणि पिऊनही टाकलं. आणि सगळ्यांच्या फोनवर हिरवी वर्तुळं. सात तास, आठ तास, उत्तम.

दाढीवाल्याने एकदा मला पॅसेजमध्ये अडवलं. म्हणाला, मावशी, माझ्याकडे नीट बघा, मी झोपलेला माणूस वाटतो का? नऊ दिवस माझा डोळ्याला डोळा नाही. आणि हे बघा, हे म्हणतंय आठ तास. दुसऱ्या दिवशी तो फोन ड्रॉवरमध्ये टाकून आईवडिलांकडे निघून गेला. साखरतोंड्याने सगळ्यांना बोलावून सांगितलं की कामचुकारपणा आहे हा. आकडे बघा, तो उत्तम झोपत होता.

त्याच दिवशी चष्मेवाली बाथरूममध्ये रडताना सापडली. मी तिला तोंड धुवायला लावलं. हुंदके देत म्हणाली, मी पडते, डोळे मिटते, झोप अगदी पापणीवर येते, आणि कुणीतरी माझ्या आधी झोपून घेतं. माझ्या वाटची. मी रात्रभर नुसतं तिचं झोपणं ऐकत असते.

"तिचं?" मी विचारलं.

तिने नळ बंद केला. असं का म्हणाले कोण जाणे, म्हणाली.

मी तिला सांगितलं, आजच्या आज ॲप काढून टाक आणि फोन स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यात कोंबून झाकण लाव. का ते विचारू नको. तिसऱ्या दिवशी ती गालावर उशीच्या वळ्या घेऊन उशिरा कामाला आली आणि येता-येता माझा हात घट्ट दाबून गेली. ती पोर तिथे लागली होती धाकटी गेल्यानंतरच. तिच्याशी माझं वैर नव्हतं.

बाकी कुणाला मी अक्षराने सांगितलं नाही. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. त्या काळात मी चादरी बदलताना भिंतीकडचा खळगा झटकायचे नाही. हात फिरवून तसाच ठेवायचे आणि नवी चादर वरून हलकेच अंथरायचे. तिथली ऊब आता दिवसभर जायची नाही. झोप बाई, म्हणायचे मनात. पहाटे चारला उठून गेलीस ते सगळे दिवस भरून काढ.

आणि तरी कधी कधी रिकाम्या खोलीत माझ्याच डोक्यातून प्रश्न यायचा, की तुझं डोकं फिरलंय का ग? ॲपात काहीतरी बिघाड आहे, पोरं कामाने जागी राहतायत, आणि खळगा पलंग जुना झाल्याचा आहे. पण पलंग नवा होता.

६

शुक्रवारी तीन वाजता बाहेरचे बडे पाहुणे यायचे होते. त्यांच्यासमोर काचेआड साखरतोंड्या स्वतः झोपून दाखवणार होता. धावपळीचा माणूस दुपारी वीस मिनिटांत कसा ताजातवाना होतो, ते.

त्याला तीन आठवडे झोप नव्हती. मी रोज त्याची खुर्ची पुसायचे, मला दिसत होतं. जिन्यात पायरी आहे की नाही ते तो बुटाने चाचपायचा. बोलता बोलता वाक्य सोडून द्यायचा. पण कुणी विचारलं तर फोन पुढे करायचा. काल साडेसात तास, अव्वल. आणि त्याचा त्यावर विश्वास होता. हे मला सगळ्यात नवल वाटलं. स्वतःचे डोळे जळत असताना तो माणूस आकड्याला प्रमाण मानत होता.

अडीचला मी खोलीत चादर अंथरत होते. तो आत आला आणि पलंगावर बसला. म्हणाला, मावशी, पाहुण्यांना वेळ आहे, तोवर खरंच पडतो. वीस मिनिटांनी हाक मारा, न चुकता.

पाहुणे आले होते. लवकर आले होते, आणि चष्मेवालीने त्यांना काचेपलीकडे नेऊन बसवलं होतं. काच पुसताना तिथला स्पीकर मीच चालू केला होता. तो रोज त्या बाजूला बसून दुसऱ्यांचं ऐकायचा. ह्या बाजूला पलंगावर तो त्या दिवशी पहिल्यांदा बसला. आपलंही तिकडे ऐकू जात असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

मी दार लोटलं आणि विचारलं, "साहेब, अकरा नंबर कोण होती?"

त्याने मान वर केली. म्हणाला, तुम्हाला कुणी सांगितलं, ते जाऊ दे, तुम्हाला नाही कळायचं ते.

"मी तिची थोरली बहीण. गेल्या वर्षी तिचा फोन घेऊन आले होते. तुम्ही मला पाणी विचारलंत."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला आठवत नव्हतं. खोटं नव्हतं ते, खरंच आठवत नव्हतं. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की ह्याने सरळ कबूल केलं तर स्टुलावरचा तो फोन मी स्वतः उचलून बाहेर नेईन आणि ह्याला झोपू देईन. शपथेवर सांगते, तसंच ठरवलं होतं.

त्याच्यात खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

"होती," तो म्हणाला. "सहा आठवडे होती. चार तास पुरेत हे आम्हीच सांगितलं तिला. तिसऱ्या आठवड्यात आमचा इंजिनिअर म्हणाला होता, ही झोप नाही, ही ग्लानी आहे. थांबवा म्हणाला."

"मग?"

"आकडे इतके सुंदर होते, मावशी. यादीतून नाव मीच काढलं."

आरशापलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. त्याला तो ऐकू गेला नाही. मला गेला. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि चार माणसांनी ते ऐकलं होतं. भावाचं तोंड डोळ्यांसमोर आलं. मी स्टुलाकडे हात नेला.

तो आडवा होत होता. अगदी समजुतीच्या सुरात, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाला, "पण एक लक्षात घ्या. ॲप चुकलं नव्हतं. झोपत ती उत्तमच होती. शरीरच कच्चं निघालं तिचं."

मी हात मागे घेतला.

"फोन जरा जवळ सरका," तो म्हणाला.

मी फोन उचलला आणि उशीवर, त्याच्या कानाला लागेल असा ठेवला. आरशापुढचा पडदा ओढला. त्याच्या अंगावर चादर घातली आणि भिंतीकडूनही नीट खोचली.

७

मी काचेमागच्या खोलीत जाऊन बसले. तीन पाहुणे होते आणि चष्मेवाली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. पाहुण्यांतली एक बाई माझ्याकडे बघून उठून उभी राहिली आणि पुन्हा खाली बसली. पडदा ओढलेला, त्यामुळे काचेतून पलंग दिसत नव्हता. समोरच्या टीव्हीवर ॲप रेषा काढत होतं. एक रेषा हवी होती. दोन होत्या. एक वरच्या वर थरथरत होती, जागी. दुसरी खाली गेली होती, सरळ खाली, तळाशी.

स्पीकरवर श्वास ऐकू येत होता. आत. थांबला. टक्. बाहेर.

एका पाहुण्याने हळूच विचारलं की ते झोपले आहेत ना. चष्मेवाली म्हणाली, ॲप म्हणतंय, झोपलेत.

वीस मिनिटं झाली. बावीस झाली. मी उठले, पॅसेजमधून त्या दाराशी गेले आणि दोन बोटं दार उघडलं.

तो पलंगाच्या काठावर होता. एक पाय खाली फरशीवर, बोटं फरशीवर रोवलेली. डोळे सताड उघडे. मला बघताच ते डोळे असे काही बोलायला लागले की दुसरी कुणी असती तर धावलीच असती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. उठू बघत होता आणि उठत नव्हता. त्याच्या छातीवरून चादरीला एक लांबट उंचवटा आडवा आला होता, कोपरात वाकलेला. शेजारच्या माणसावर झोपेत हात टाकायची तिला खोड होती. फार जड पडायचा तो हात.

त्याच्यामागे, भिंतीकडे, चादर वर येत होती आणि खाली जात होती. पायाशी ती थोडी सुटली होती. तिथे एक टाच दिसली. दिवसभर ओल्या फरशीवर उभं राहून पडतात तशा भेगांची. अंगठा झोपेत जरासा मुडपला आणि पुन्हा सैल झाला.

त्याहून जास्त मी पाहिलं नाही.

चष्मेवाली माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिला माझ्या खांद्यामुळे आतलं दिसत नव्हतं. कापऱ्या आवाजात म्हणाली, "मावशी, उठवा ना त्यांना."

"हळू बोल," मी म्हटलं.

दार ओढून घेतलं. खिटी वाजू नये म्हणून अंगठ्याने दाबून धरली आणि सावकाश सोडली. मग पॅसेजमधली खुर्ची दाराला लावून तिच्यावर बसले. संध्याकाळपर्यंत एकेक जण येत राहिला, विचारत राहिला. प्रत्येकाला मी तेच सांगितलं, आत्ता कुठे डोळा लागलाय, झोपू दे तिला.